जुनी लष्करी गाडी घेताना: ओळख आधी, पैसे नंतर, रंग सर्वांत शेवटी

जुनी लष्करी गाडी घेणारे बहुतेक जण चुकतात ते क्रमात. गाडी पाहताक्षणी आवडते, इसार दिला जातो, गाडी दारात येते, त्याच संध्याकाळी बॅटरी लावून इंजिन फिरवलं जातं आणि पुढच्या रविवारी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून रंग खरवडायला सुरुवात होते. महिनाभरात कळतं की चॅसिस नंबर कागदाशी जुळत नाही, पिस्टनच्या रिंगा मोडल्या आहेत आणि बॉनेटवर तिसऱ्या थराखाली दडलेला युद्धकाळातला नोंदणी क्रमांक धूळ होऊन उडून गेला आहे. पहिल्या दोन गोष्टी पैसे आणि वेळ घालून निस्तरता येतात. तिसरी येत नाही.

म्हणून खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या. उदाहरणं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची आहेत. तिचे सुटे भाग मिळतात म्हणून नवखे लोक तिच्यापासून सुरुवात करतात, आणि युद्धानंतरची गाडी रंगवून युद्धकाळातली म्हणून खपवायलाही तीच सोयीची पडते. ट्रक, स्काउट कार (टेहळणीची हलकी चिलखती गाडी) किंवा हाफट्रॅक (पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी) घेणार असाल तरी पद्धत हीच.

## टप्पा १: आधी जागा, वजन आणि सुटे भाग

जीपचं वजन सुमारे ११०० किलो. साध्या गॅरेजमध्ये ती मावते, साध्या जॅकवर उचलता येते. जीएमसीचा ‘अडीच टनी’ सीसीकेडब्ल्यू ट्रक मात्र रिकामाच सुमारे ४ टनांचा आहे. अडीच टन ही त्याची माल वाहण्याची क्षमता, त्याचं स्वतःचं वजन नव्हे. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की ट्रक आणायला गेलेला ट्रेलर परत पाठवावा लागतो. एम३ हाफट्रॅक तर माणसं-सामानासह ९ टनांच्या घरात जातो. जमीन, फाटकाची उंची, तुमचा वाहन परवाना आणि घोडी-जॅकची ताकद या चार गोष्टी गाडी बघायला जाण्याआधी तपासा.

सुटे भाग शोधताना अमेरिकन लष्कराचा पुरवठा-सूची क्रमांक माहीत असावा. जीपसाठी जी-५०३, डॉजच्या पाऊण टनी डब्ल्यूसी गाड्यांसाठी जी-५०२, सीसीकेडब्ल्यूसाठी जी-५०८. जुन्या भागांचे विक्रेते आणि संग्राहक याच क्रमांकांनी बोलतात. पसंत पडलेल्या गाडीचे ब्रेकचे भाग, टायर आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग मिळतात का, हे सौद्याआधी विचारून ठेवा. जीपच्या पत्र्याची संपूर्ण बॉडीसुद्धा आज नवी बनवून मिळते. दुर्मीळ गाडीची मात्र एक काच मिळवायला वर्षं जातात.

## टप्पा २: कागद

गाडीला हात लावण्याआधी कागद मागा. मालकी कोणाच्या नावावर आहे, कागदावरचा नंबर चॅसिसचा आहे की इंजिनाचा, लष्कराने ती कशी निकाली काढली, आणि देश बदलून आली असेल तर आयात कशी झाली, एवढं कळलं पाहिजे. अमेरिकन सरकारकडून विकल्या गेलेल्या गाड्यांसोबत एसएफ-९७ हा दाखला मिळतो आणि त्यावरून पुढे मालकीचा कागद तयार होतो. इतर देशांत कागदाचं नाव वेगळं असेल, पण लष्कर ते पहिला नागरी मालक हा दुवा कुठेतरी नोंदलेला असायला हवा.

काही गाड्यांच्या बाबतीत हा दुवा विशेष नाजूक असतो. जीपनंतर आलेली एम१५१ वळणावर उलटण्यासाठी कुप्रसिद्ध होती. त्यामुळे ती नागरी रस्त्यावर जाऊ नये म्हणून निकाली काढताना बहुधा कापून विकली गेली. आज बाजारात दिसणाऱ्या काही एम१५१ अशा तुकड्यांना पुन्हा जोडून बनवलेल्या आहेत. तिला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून खाली झोपून फरशीवर आणि दोन्ही बाजूंना आडवी वेल्डिंगची रेघ जाते का ते बघा. रेघ दिसली तर गाडी सोडून द्या.

गाडी चिलखती असेल, तिच्यावर तोफ किंवा मशिनगन बसवण्याचा सांगाडा किंवा अगदी निकामी केलेलं शस्त्र असेल, तर त्याचा परवाना किंवा निकामी केल्याचा दाखला वेगळा लागू शकतो. सीमा ओलांडून न्यायची असेल तर अनेक देशांत ८० वर्षं जुन्या वाहनालाही लष्करी सामग्रीचाच परवाना लागू पडतो. हे परवाने आधी, गाडी नंतर.

इशारा: ‘कागद नंतर पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की इसार खिशातच राहू द्या. पैसे हातात पडल्यावर कागद शोधायला विक्रेत्याला काही कारण उरत नाही.

## टप्पा ३: ओळख पटवणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ओळख बाहेरून आत न जाता आतून बाहेर पटवायची: चॅसिस, मग इंजिन, मग ॲक्सल आणि गिअरबॉक्स, मग पत्रा, आणि शेवटी डॅशबोर्डवरच्या माहितीच्या धातूच्या पट्ट्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. चकचकीत पट्टीवर ‘१९४३’ वाचलं की त्यांची खात्री पटते. या पट्ट्या कोऱ्या बनवून मिळतात आणि त्यांवर हवी ती तारीख ठोकता येते. पट्टीचा पुरावा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलका धरा. तिच्या कडेवर जुन्या रंगाचे थर चढले आहेत का आणि रिव्हेट जुने आहेत का, एवढंच तिच्याकडून विचारा.

### चॅसिस काय सांगते

युद्धकाळातली जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलिस एमबी सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्ड जीपीडब्ल्यू सुमारे २ लाख ७८ हजार. दोन्ही वरून सारख्याच दिसतात. फरक रेडिएटरच्या खाली वाकून बघितल्यावर कळतो. चॅसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चॅसिस विलिसची, आणि उलट्या यू आकाराचा, चौकोनी घडणीचा असेल तर फोर्डची.

नंबरची जागाही वेगळी. फोर्डने तो डाव्या चॅसिस रेलच्या वरच्या अंगावर, इंजिन माउंटिंगच्या आसपास ठोकला. विलिसने छोटी पट्टी डाव्या रेलच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे रिव्हेटने बसवली. ही पट्टी पडून हरवते, त्यामुळे विलिसच्या चॅसिसवर नंबर नसणं हे आपोआप चोरीचं लक्षण ठरत नाही. फोर्डच्या रेलवर मात्र नंबरच्या जागी घासल्याचा खड्डा दिसला तर तिथेच थांबा.

नंबर वाचायला ग्राइंडर लावू नका. आधी रॉकेल किंवा थिनरने ग्रीस आणि माती काढा, मग पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवा, आणि टॉर्च अगदी आडवा धरून उजेड पृष्ठभागाला घासून जाईल असा टाका. अक्षरांच्या सावल्या उमटतात. फोटो त्याच उजेडात काढा.

इशारा: पुसट नंबर ‘स्पष्ट दिसावा’ म्हणून पुन्हा ठोकून घेऊ नका. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. शिवाय खरी चॅसिससुद्धा त्यामुळे कायमची संशयास्पद होते.

### इंजिन आणि त्याचा नंबर

इंजिन ४ सिलिंडरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं, २.२ लिटर, ६० अश्वशक्तीचं. नंबर ऑइल फिल्टरजवळ ब्लॉकच्या सपाट जागेवर असतो आणि एमबी किंवा जीपीडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतो. फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडताना इंजिन आणि चॅसिसचा नंबर एकच असे. विलिसमध्ये दोन्ही नंबर मुळातच वेगळे असत. म्हणून ‘मॅचिंग नंबरची विलिस’ अशी जाहिरात दिसली तर विक्रेत्याला गाडी कळत नाही, किंवा कोणीतरी नंबर ठोकला आहे.

आता उलट बाजूची चूक. विलिसच्या चॅसिसवर फोर्डचं इंजिन दिसलं म्हणून गाडी नकली ठरवू नका. लष्करी दुरुस्ती-डेपोत गाड्या डझनांनी उघडल्या जात आणि हाताला येईल तो भाग बसवला जाई. असा मिश्र वंश हाही त्या गाडीच्या सेवेचाच भाग आहे. तुम्हाला तो माहीत हवा, आणि किंमत त्याप्रमाणे ठरायला हवी, इतकंच. फोर्ड आपल्या बोल्टच्या डोक्यावर आणि लहानसहान भागांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटवत असे. एखाद्या गाडीवर असे किती एफ सापडतात ते मोजून ठेवा. मूळ भाग किती उरले आहेत याचा बराच अंदाज येतो.

### युद्धानंतरची भावंडं

फसगत इथे होते, म्हणून एकेक खूण सांगतो.

सीजे-२ए ही १९४५ ते १९४९ मधली नागरी जीप. तिच्या ग्रिलला ७ फटी आहेत, युद्धकाळातल्या पत्र्याच्या ग्रिलला ९. तिला मागे उघडणारं फाळकं आहे आणि पेट्रोलचं तोंड बाहेरच्या बाजूला. एमबी-जीपीडब्ल्यूला फाळकं नाही, स्पेअर चाक मागे, पेट्रोलचं तोंड चालकाच्या सीटखाली. फावडं आणि कुऱ्हाड डाव्या बाजूला बाहेर बांधायची सोय. हेडलाइट बिजागरीवर मागे उलटतो आणि इंजिनावर उजेड पाडतो. हेडलाइट उलटवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

अगदी सुरुवातीच्या, सुमारे २५ हजार विलिसना पट्ट्या वेल्ड करून केलेली ग्रिल होती. ती संग्राहकांना हवी असते, म्हणून ती नंतर बनवून बसवलेलीही सापडते. चॅसिस नंबर पहिल्या महिन्यांतला नसेल तर त्या ग्रिलचे जादा पैसे देऊ नका.

सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे, तिला ओळखणं सोपं. एम३८ ही १९५० नंतरची लष्करी गाडी: २४ व्होल्ट, जास्त भक्कम टी-९० गिअरबॉक्स, हेडलाइट मोठे. युद्धकाळातली जीप ६ व्होल्टची आणि तिचा गिअरबॉक्स टी-८४. एम३८ए१चे मडगार्ड गोलसर, त्यामुळे तिच्याबद्दल गोंधळ होत नाही. सर्वांत अवघड ओळख हॉचकिस एम२०१ची. फ्रान्समध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत परवान्याने बनलेली ही गाडी जवळजवळ एमबीच आहे, फक्त चॅसिस मजबूत केलेली आणि बहुतेकींत २४ व्होल्टची विद्युतव्यवस्था. चांगली गाडी आहे, घ्यायला हरकत नाही. हॉचकिसच्या किमतीत घ्या.

तपासून पाहा: चॅसिसचा प्रकार, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, बॉडी, पट्टीवरची तारीख अशी सात रकान्यांची यादी करा. प्रत्येकापुढे ‘जुळतं’, ‘जुळत नाही’ किंवा ‘वाचता आलं नाही’ असं लिहा. ‘वाचता आलं नाही’ म्हणजे जुळतं असं समजून पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: गंज, तडे आणि लपवालपवी

सोबत चुंबक, टोच्या, टॉर्च, आरसा आणि झोपायला गोणपाट घ्या. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

जीपचा पत्रा ठरावीक जागी सडतो. फरशीखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांमध्ये लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून फरशी गुळगुळीत दिसते, खालून टोच्या आरपार जातो. मागच्या कोपऱ्यांतले टूलबॉक्स आणि पेट्रोलची टाकी बसते तो चालकाच्या सीटखालचा खळगा यांचाही तोच प्रकार. चॅसिसवर स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती आणि स्टिअरिंग बॉक्सजवळ तडे शोधा. संशय आला तर ती जागा स्वच्छ करून पातळ तेल लावा, पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर तेल रेघ होऊन पुन्हा वर येतं.

पत्र्यापेक्षा चॅसिस, ब्लॉक आणि ॲक्सल यांना जास्त महत्त्व द्या. पत्रा बदलता येतो. थंडीत पाणी गोठून फुटलेला ब्लॉक मात्र वरून रंगवलेला असला की घरी आणल्यावरच कळतो. वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या अंगावर वेल्डिंग किंवा एपॉक्सीची लांब रेघ दिसते का ते बोटाने चाचपा.

इंजिन चालू स्थितीत असेल तर विक्रेत्याला सांगून ठेवा की ते थंडच हवं. तुम्ही पोचेपर्यंत गरम करून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतं. गाडी चालवून पाहताना दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर उडाला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. पुढची चाकं हलवून किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) प्ले बघा, आणि स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे पोचवणारा बेलक्रँकही. जीपची बरीचशी ‘भटकणारी’ स्टिअरिंग त्या एका भागामुळे असतात.

फेरेटसारखी स्काउट कार चालवून पाहत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. तिच्या एका बाजूची पुढची-मागची चाकं एकमेकांशी जखडलेली फिरतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यामुळे ट्रान्समिशनमध्ये पीळ साठत जातो. मातीवर चालवून बघा. त्याच कारणाने जीपही कडक रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये टाकायची नाही.

## टप्पा ५: गाडी आणणे

चालवत आणू नका. विक्रेता काहीही म्हणो. जीपच्या ब्रेकचा सर्किट एकच आहे: एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) हिच्यामागच्या शाफ्टवर आहे आणि तो उभ्या गाडीसाठी आहे. धावत्या गाडीत ओढला तर सगळा ताण शाफ्ट आणि डिफरेन्शियलवर येतो.

ट्रेलरवर बांधताना पट्टे ॲक्सलला किंवा चॅसिसला घ्या, बंपरला नको. सुटे मिळालेले सगळे भाग, तुटके बोल्टसुद्धा, डब्यात भरून आणा.

## टप्पा ६: पहिला महिना, किल्लीला हात नाही

गाडी घरात आली की सर्वांत जास्त नुकसान पहिल्या आठवड्यात होतं, आणि ते उत्साही मालकच करतो. एक महिना इंजिन फिरवायचं नाही, रंगाला हात लावायचा नाही, धुवायचंही नाही. या महिन्यात फोटो आणि धोक्यांची तपासणी.

फोटो ठरवून काढा: चारही बाजू, खालून, प्रत्येक पट्टी, प्रत्येक वायरचा जोड, रंगाचा प्रत्येक टवका, सीटखालची माती. सोबत मोजपट्टी किंवा नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. फरशीवरच्या खाचेत अडकलेलं बटण किंवा चिठ्ठी मिळाली तर जागा लिहून पाकिटात ठेवा.

आता धोके.

दारूगोळा: शेतातून, जंगलातून किंवा चाचणी-मैदानातून उचललेल्या गाडीत जिवंत काडतूस वा गोळा असू शकतो. गंजलेला म्हणून तो निरुपद्रवी नसतो. हलवू नका, फोटोसाठीही नाही. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

रेडियम: जुन्या मीटरच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियम असू शकतं. चमक कधीच विझलेली असते, कारण चमकणारं रसायन मरतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं आहे. काच फुटलेली नसेल तर मीटर जसा आहे तसा राहू द्या. उघडू, खरवडू नका. फुटलेला असेल तर पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे.

ॲस्बेस्टॉस: ब्रेक लायनर, क्लच प्लेट, सायलेन्सरभोवतीचं वेष्टण आणि गॅस्केट. ड्रम उघडल्यावर आतली पूड हवेच्या दाबाने उडवायची सवय अनेक मेकॅनिकना असते. तुमच्याकडे काम करताना ती मोडा. पूड ओली करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा, योग्य मास्क लावा.

रंग: जुन्या थरांत शिसं असतं. शीतयुद्धाच्या शेवटच्या काळापासूनच्या अमेरिकन गाड्यांवर रासायनिक अस्त्रांना दाद न देणारा रंग आहे. त्यावर वेल्डिंग केलं की आयसोसायनेटसारखे घातक वायू सुटतात आणि त्याची धूळही छातीत जाऊ द्यायची नाही.

इशारा: लष्करी ‘कॉम्बॅट’ रिम दोन अर्ध्या ताटल्या बोल्टने जोडून बनते. चाक काढायचे ५ नट वेगळे आणि ताटल्या जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना दुसरे नट सोडले तर रिम गोळ्यासारखी सुटते आणि समोरचा माणूस मरतो. चाकाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून हवा शून्यावर आणा. ट्रकच्या लॉकिंग रिंगच्या रिमलाही हाच नियम, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा.

## टप्पा ७: पहिल्यांदा इंजिन फिरवणे

१. प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा. दोन दिवस तसंच ठेवा.

२. जुनं ऑइल काढा आणि ऑइल पॅन उतरवून आतला गाळ खरवडा. गाळ तसाच ठेवून नवं डिटर्जंट ऑइल भरलं तर तो सुटतो आणि पंपाची जाळी बंद करतो.

३. प्लग बाहेरच ठेवून हँडलने हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. व्हॉल्व्हचं बाजूचं झाकण काढून कोणता व्हॉल्व्ह वरच अडकलाय ते बघा.

इशारा: हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ आवळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा मोडतो. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका.

४. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करा, गॅप ०.५ मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.७५ मिलिमीटरच्या आसपास. फायरिंग क्रम १-३-४-२. वायरी काढताना खुणा केल्या नसतील तर हा क्रम उपयोगी पडेल.

५. बॅटरी आणि वायर. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून स्टार्टरची केबल बोटाएवढी जाड हवी. ‘स्टार्टर मंद आहे’ म्हणून १२ व्होल्टवर जाण्याचा सल्ला सगळे देतात. दहातल्या बऱ्याच वेळा दोष बारीक केबलचा आणि गंजलेल्या अर्थिंगचा असतो.

६. जुनी टाकी जोडू नका. स्वच्छ डब्यातून ताजं पेट्रोल द्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर आणि पंपाचा पडदा खातं, म्हणून दोन्ही इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. अग्निशामक हाताशी हवा.

७. सुरू झालं की नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर. काही सेकंदांत काटा उठला नाही तर बंद.

गाडी जागेवरून हलवण्याआधी ब्रेक. होज, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे किंवा पूर्ण उघडून दुरुस्त केलेले. ब्रेक ऑइलचा प्रकार ठरवून गाडीवर लिहून ठेवा. अमेरिकन लष्कराने १९८०च्या दशकात सिलिकॉनवर आधारित डॉट-५ स्वीकारलं. ते डॉट-३ किंवा डॉट-४ मध्ये मिसळत नाही. डॉट-५.१ हे नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं नाही. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं ऑइल भरू नका, त्यातली रसायनं सिंक्रोच्या पितळी-काशाच्या रिंगांना खाऊ शकतात. जीएल-४ घ्या.

## टप्पा ८: रंगाच्या थरांखाली काय आहे ते वाचा

यावर मी सगळ्यात आग्रही आहे.

जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक असे. जीपचा क्रमांक २० या आकड्याने सुरू होतो. सुरुवातीच्या क्रमांकांत डब्ल्यू हे अक्षर असे, आणि रेडिओला अडथळा होऊ नये म्हणून विद्युतव्यवस्था सुधारलेल्या गाडीच्या क्रमांकाशेवटी एस. नंतरचे क्रमांक पांढरे आहेत. सुरुवातीचे मात्र गढूळ निळ्या रंगाचे, आणि तो निळा हिरव्यावर जवळजवळ दिसतच नाही. मी घासलेल्या पहिल्या बॉनेटवर पांढरी अक्षरं शोधत होतो. निळसर डाग मला जुन्या रंगाचा ओघळ वाटला आणि मी त्याच्या पार गेलो. तो ओघळ म्हणजे ‘२०’ मधला शून्य होता, हे फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं.

पद्धत अशी. आधी कोपऱ्यात नाण्याएवढी खिडकी उघडा. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रबरी गुटक्यावर घ्या आणि लहान गोल फिरवा. कोरडं घासायचं नाही, शिशाची धूळ होते. थर बदलला की थांबा. अशा खिडकीत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात: वरचा थर शेवटच्या मालकाचा, सर्वांत आतला कारखान्याचा. क्रम लिहून घ्या. मग बॉनेटची बाजू, बंपर आणि मागचा पत्रा. अक्षराची कड दिसताच १५०० नंबरवर या. फोटो ओल्या पृष्ठभागाचा काढा, अक्षरं जास्त उठून दिसतात. वर पारदर्शक प्लास्टिक ठेवून अक्षरं गिरवून घ्या. एका बॉनेटला दोन-तीन सुट्ट्या सहज जातात.

मिळालेला मूळ रंग टिकण्याजोगा असेल तर टिकवा. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद हेच सांगते: आधी जतन, नूतनीकरण गरजेपुरतं, आणि केलेला बदल नोंदलेला व ओळखता येईल असा. सैल गंज हाताने काढा, रंगावर पातळ मेणाचा थर द्या, पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारा. उडालेल्या रंगाचे डाग तसेच राहू द्या.

## टप्पा ९: रंगवायचंच असेल तर

मूळ काहीच उरलं नसेल तर रंगवा. नेहमीची चूक म्हणजे चकचकीत हिरवा. युद्धकाळातला अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, निस्तेज होता. युद्धानंतर अर्धवट चमक आली. अमेरिकन फेडरल स्टँडर्ड ५९५ च्या पाच आकडी क्रमांकात पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकाकी, २ अर्धी, ३ निस्तेज. २४०८७ मागवून युद्धकाळातली जीप रंगवली तर ती युद्धानंतरची दिसेल. ब्रिटिश गाड्यांवर युद्धाच्या मधल्या वर्षांत एससीसी-२ हा तपकिरी होता, आणि १९४४ पासून एससीसी-१५ हा ऑलिव्ह. १९४३ मधली ब्रिटिश गाडी हिरवी करण्याआधी खिडकीतले थर पुन्हा बघा.

अमेरिकन बंपरवरच्या खुणा डावीकडून उजवीकडे मोठ्या दलाकडून लहानाकडे जातात: डिव्हिजन, रेजिमेंट, कंपनी, शेवटी गाडीचा क्रमांक. पुरावा नसेल तर नामांकित तुकडीच्या खुणा कायमच्या रंगाने काढू नका. कार्यक्रमासाठी हव्या असतील तर धुऊन जाणाऱ्या रंगाने काढा आणि नोंदवहीत तसं लिहा.

## टप्पा १०: उभी ठेवणे

हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर गंज बराच मंदावतो. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आत घाम धरतो. हवा खेळेल असं कापड घ्या. चाकांवरचा भार घोडीवर घ्या, बॅटरी काढून चार्जवर, टाकी रिकामी.

दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करण्याची सवय सोडा. तेवढ्यात सायलेन्सर आणि ऑइल तापत नाही, उलट ज्वलनातलं पाणी आत साचतं. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर, नाहीतर तशीच राहू द्या.

नोंदवही दोन ठिकाणी ठेवा: एक गाडीत, एक घरात. त्यात नंबरांची यादी, थरांचा क्रम, गिरवलेली अक्षरं, बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख. काढलेले मूळ भाग, मोडके असले तरी, चिठ्ठी बांधून पेटीत जपून ठेवा आणि गाडी विकाल त्या दिवशी ती पेटी आणि वही गाडीसोबत द्या.